आधी कांदे-बटाटे, रंग मागाहून: लहान मुलांसोबत 'वेगळं करण्याचे' खेळ

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी २ वर्षं ३ महिन्यांची आहे. रंगीत मणी आणि चार रंगांच्या वाट्या असलेला विकतचा संच आणला. ती दोन मिनिटांत सगळे मणी जमिनीवर ओतते आणि वाटी डोक्यावर घालते. कुठलाही रंग विचारला तरी 'लाल' म्हणते. घरातल्या वस्तूंनी काय खेळता येईल? आणि यात काळजी करण्यासारखं काही आहे का?

आधी तातडीचं सांगतो. तो संच आजच माळ्यावर टाका. या वयाला मणी नकोतच. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला एक ठरावीक मापाची नळी वापरतात. ती ३१.७ मिमी रुंद असते आणि तळ तिरका असल्यामुळे तिची खोली २५.४ पासून ५७.१ मिमीपर्यंत जाते. जी वस्तू कुठल्याही एका बाजूने धरून त्या नळीत पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते असं धरायचं. चेंडूचा नियम याहून कडक आहे. ४४.५ मिमीच्या भोकातून आरपार जाणारा चेंडू या वयाला चालत नाही, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते आणि श्वासाला बाजूने फटही राहत नाही. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिमीचा, म्हणून तो बाद. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३० मिमीचं, तेही बाद. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून बाटल्यांच्या झाकणांचे जे खेळ सगळीकडे दाखवतात, ते या वयाचे नव्हेत.

घरी माप काढायला जाड पुठ्ठ्यात साडेचार सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पाडून ठेवा. एखादी वस्तू त्यातून जात असेल आणि ६ सेंमीपेक्षा आखूडही असेल, तर ती खेळात घ्यायची नाही. चमचा भोकातून जातो, पण तो १५ सेंमी लांब असतो म्हणून चालतो. राजमा, काबुली चणे, चिंचोके, गोट्या, शर्टाची बटणं हे सगळं अर्थातच बाद. वाटाणा किंवा हरभरा नाकात गेला तर तिथल्या ओलाव्याने फुगतो, मग डॉक्टरांकडेच जावं लागतं. गुंजांचा तर विचारही करू नका. लाल-काळ्या, टपोऱ्या, दिसायला मोहक असल्या तरी आतला गर जहाल विषारी असतो. खेळण्यातल्या आणि रिमोटमधल्या चपट्या गोल सेलवरही नजर ठेवा. तो गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. सेल बसवतात ते झाकण स्क्रूचं नसेल तर ते खेळणं घरात नको.

आता मूळ प्रश्न. तुम्ही लिहिलंय त्यात काळजीचं काही नाही. खेळाची सुरुवात मात्र अवघड टोकाकडून झाली आहे.

रंगाने वेगळं करणं हा आपल्याला सगळ्यात सोपा खेळ वाटतो, कारण मोठ्यांच्या डोळ्यांत रंग चटकन भरतो. मूल मात्र वस्तू ओळखतं ती आधी तिच्या आकारावरून आणि तिचं काय करता येतं त्यावरून. चेंडू लाल असला काय नि निळा असला काय, तो लोळतो म्हणून चेंडू. लँडाउ, स्मिथ आणि जोन्स या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं, की नवीन वस्तूचं नाव ऐकलं की मुलं ते नाव त्याच आकाराच्या दुसऱ्या वस्तूंना लावतात. माप किंवा पोत सारखं आहे का हे त्या मानाने फार बघत नाहीत. एकसारख्या गोल मण्यांच्या ढिगात तुमच्या मुलीला दिसतात ते नुसते 'मणी', म्हणजे एकच जात. मग वेगळं काय करायचं? ओतायचं. तिच्या दृष्टीने तिचं बरोबरच आहे.

'सगळ्याला लाल' ही चांगली खूण आहे. 'कुठला रंग?' या प्रश्नाला रंगाचाच शब्द द्यायचा असतो, 'भूभू' नाही, हे तिला कळलंय. कुठला शब्द कुठल्या रंगाला हे पुढे जुळतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी सगळ्याच बाबतींत वेगळ्या असलेल्या दोन वस्तू. मग 'कोणाचं' आणि 'कशासाठी'. मग रंग. लहान-मोठं त्याच सुमारास, पण वेगळ्या दिवशी. एकाच ढिगाचे दोन नियमांनी दोनदा गट करणं अगदी शेवटी, चार वर्षांच्या पुढे.

पहिला खेळ: कांदे-बटाटे

कांदा आणि बटाटा हाताला, नाकाला, डोळ्यांना सगळ्यांनाच वेगळे लागतात. शिवाय हे खोटं काम नाही. कांदे-बटाटे एकत्र ठेवले की लवकर खराब होतात, म्हणून घरात ते वेगळे ठेवावेच लागतात. मुलांना खऱ्या कामाचा वास येतो, आणि खेळण्यापेक्षा ते जास्त वेळ तिथे रमतात.

साहित्य: ४ कांदे, ४ बटाटे, एक परात, दोन सारख्या टोपल्या. प्रत्येक नग ५ सेंमीपेक्षा मोठा हवा. बटाटे धुऊन पुसून घ्या. हिरवट झालेले किंवा कोंब आलेले बाजूला काढा. कांद्याची सुटलेली सालं आधीच काढून टाका, नाहीतर खेळ साल सोलण्यावर जातो आणि साल तोंडात. आठ नग पुरेत. पाव किलो बारीक कांदे ओतून 'घे, वेगळे कर' म्हटलं तर मोठा माणूसही कंटाळेल.

परात जमिनीवर मधे, टोपल्या डाव्या-उजव्या हाताला, मुलीपासून हातभर अंतरात. तुम्ही समोर न बसता तिच्या बाजूला बसा. समोरून डावं-उजवं उलटं दिसतं आणि तुमचे हात तिच्या कामात येतात.

एका टोपलीत एक कांदा, दुसरीत एक बटाटा आधीच ठेवून द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच खेळ फसतो. रिकामी टोपली मुलाला काहीच सांगत नाही. नमुना दिसला की 'याच्यासारखं ते इथे' हे न सांगता कळतं.

मग तुम्ही एक कांदा उचला, टोपलीतल्या कांद्याशेजारी क्षणभर धरा, "कांदा" एवढंच म्हणा आणि ठेवा. एक बटाटा तसाच, सावकाश. बोलणं कमी. हात चालू असताना तोंड चालू असलं की मूल तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही. दोन झाले की तिसरा तिच्या हातात द्या आणि गप्प बसा. मनात दहा अंक मोजा. या वयाला विचार करायला आपल्या अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपण चौथ्या अंकाला उत्तर सांगून टाकतो.

चुकीच्या टोपलीत गेला तर 'नाही, चुकलं' म्हणायचं नाही. उचलून परत हातात द्यायचाही नाही. पुढचा बटाटा तुम्ही ठेवताना फक्त तो चुकलेला उचलून दोन्ही नमुन्यांशेजारी धरून बघा, "हं, हा कशासारखा आहे गं?" तिने उत्तर दिलं तर ठीक, नाही दिलं तर तसाच राहू द्या. खेळ संपल्यावर टोपल्या स्वयंपाकघरात नेताना तुम्ही तो हलवलात तरी बिघडत नाही.

तीन ते सात मिनिटं झाली की खेळ थांबवा, तिला अजून हवा असतानाच. दुसऱ्या दिवशी परात दिसली की ती स्वतः येईल.

सलग तीन-चार दिवस जमलं की प्रत्येकी सहा करा. मग तिसरा प्रकार आणा: गाजर किंवा काकडी. वांगं नको, देठाला काटे असतात. मिरची तर कधीच नको, तोच हात डोळ्याला जातो. टोमॅटो फुटतात. त्यात मजा आहे, पण मग तो खेळ वेगळा होतो.

अशाच जोड्या घरात आणखी पुष्कळ आहेत: चमचे आणि वाट्या, करवंट्या आणि डाव, मोजे आणि रुमाल, पुस्तकं आणि चपला. चपलांचं काम रोज दारातच असतं. दोन मोठ्या आणि दोन छोट्या जोड्या उलटसुलट ठेवा आणि 'हिची जोडीदार कुठंय?' विचारा. ही जोडी लावणं म्हणजे गट करण्याच्या आधीची पायरी. गट अजून जमत नसतील तर आठवडाभर नुसत्या जोड्याच लावा.

ओतण्याचं काय करायचं?

ओतू द्या. दीड ते अडीच वर्षांच्या मुलाला भरणं-ओतणं हेच काम असतं. ते झाल्याशिवाय पुढचं सुचत नाही. फक्त ओतायची सोय खेळात बसवा. सुरुवातीलाच पिशवी तिच्याकडे देऊन परातीत ओतायला सांगा. खेळ संपला की दोन्ही टोपल्या भाजीच्या जागी ओतायला सांगा. सुरुवात आणि शेवट तिच्या हातात असला की मधे ओतण्याची घाई कमी होते. परात हवी ती यासाठीच. कडा असल्याने वस्तू घरभर जात नाहीत, आणि आवाज होतो ते वेगळं सुख.

फेकत असेल तर दोन गोष्टी तपासा. वस्तू हलक्या आहेत का? प्लॅस्टिकचे चेंडू फेकायलाच असतात. कांदा-बटाटा जड असल्याने हातातून ठेवला जातो. आणि ती दमली किंवा भुकेली आहे का? जेवायच्या आधीची अर्धी घटका कुठल्याच नव्या खेळाला चांगली नसते.

ओतण्याची हौस खूपच असेल तर बुटाच्या खोक्याची पोस्टाची पेटी करा. झाकणात एका बाजूला साडेसात सेंमी व्यासाचं गोल भोक, दुसऱ्या बाजूला १२ सेंमी लांब आणि १ सेंमी रुंद चीर. आत मधोमध पुठ्ठ्याचा आडोसा चिकटवा, म्हणजे दोन खण होतील. चार जुने टेनिसचे चेंडू आणि सहा जुन्या लग्नपत्रिका घ्या. टेनिसचा चेंडू सुमारे ६.७ सेंमीचा असतो, गोल भोकातून आरामात जातो, चिरेतून जाणं शक्यच नाही. पत्रिका १० सेंमी रुंद कापा, म्हणजे गोल भोकात सपाट शिरणार नाही. त्याहून अरुंद ठेवली तर मूल ती भोकातच कोंबतं, आणि मग पेटी काहीच शिकवत नाही. पत्रिकेवरची चमकी, मोती, दोरे आधी काढा, कोपरे गोल करा. खोक्याच्या बाजूला दोन दारं कापली की पत्रिका आणि चेंडू वेगवेगळे बाहेर काढता येतात, आणि ते काढणं हाच अर्धा खेळ. झाकणाच्या कडेला आतून चिकटपट्टी मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी भोकाचं भगदाड होतं.

या पेटीचा गुण असा, की चूक वस्तूच सांगते. मोठ्या माणसाने बोलायची गरज नाही. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालघर सुरू केलं, तिथल्या साधनांचं तत्त्व हेच. त्यांच्या लाकडी ठोकळ्यांत प्रत्येकी दहा दट्टे असतात आणि एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटचा बसतच नाही. आपल्याकडे हे साधन फुकट आहे: डब्यांची उतरंड. एकात एक बसणारे स्टीलचे चार डबे आणि त्यांची चार झाकणं. आधी दोन डबे, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा. मग तिसरा. चारही एकदम दिले तर शेजारच्या मापांतला फरक डोळ्याला दिसत नाही आणि मूल झाकण आपटायला लागतं. कडेवरून स्वतःचं बोट फिरवून बघा. पातळ पत्र्याची काही झाकणं धारदार असतात.

कोणाचं, कशासाठी

वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात शिकण्यासारखं फार असतं, आणि हे बहुतेक घरांत वाया जातं. सगळा ढीग देऊ नका. आजीचे तीन, बाबांचे तीन, तिचे तीन कपडे निवडा आणि प्रत्येकाच्या जागेवर एक कपडा आधी पसरून ठेवा. आजीच्या पलंगावर आजीचा, कपाटाशेजारी बाबांचा. "हे कोणाचं?" एवढाच प्रश्न. गंमत अशी, की इथे रंग, आकार, कापड काहीच सारखं नसतं, तरी मुलं हा गट रंगापेक्षा आधी करतात, कारण माणसं त्यांना ठाऊक असतात. कपडा घेऊन खोलीभर चालायचं असल्याने बसून कंटाळणाऱ्या मुलांनाही हे जमतं.

मोज्यांच्या जोड्या लावायच्या तर तीनच जोड्या घ्या, एकमेकींपासून ठळक वेगळ्या. शाळेचे पांढरे मोजे सहा जण मिळून लावायचे असतात, ते सोडा.

चमच्यांचा खेळ छोटा आहे. मोठे डाव चार, चहाचे चमचे चार, दोन उभे डबे. घासून आलेल्या भांड्यांतूनच करा. काटे आणि सुऱ्या आधी बाजूला.

रंग

अडीचच्या आसपास, वरचे दोन-तीन खेळ सहज जमायला लागले की रंगाला हात घाला. इथे उलटं करायचं. रंग सोडून बाकी सगळं सारखं हवं. लाल चेंडू आणि निळी वाटी दिली तर मूल चेंडू आणि वाटी वेगळी करेल आणि तुम्हाला वाटेल रंग आला.

घरोघरी न शिवलेले ब्लाउजपीस पडलेले असतात. त्यांतला एक लाल, एक निळा, दोन्ही सुती, एकरंगी, काठ नसलेले निवडा. २० सेंमीचे चौकोन, प्रत्येकी पाच. कडा दुमडून शिवा किंवा नागमोडी कात्रीने कापा. सुटलेला लांब दोरा बोटाला घट्ट गुंडाळला जातो. प्रत्येक रंगाचा एक चौकोन नमुना म्हणून स्टीलच्या दोन सारख्या डब्यांसमोर पसरा, बाकी आठ परातीत. डबे रंगीत नकोत. हिरव्या डब्यात लाल कापड ठेवायचं असेल तर मुलाने कुणाचं ऐकायचं?

पहिली जोडी लाल-निळा किंवा पिवळा-निळा असू द्या, लाल-हिरवा नको. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसण्याचा जन्मजात दोष मुलग्यांत मुलींपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो, आणि या वयात तो ओळखणं अवघड असतं. मॉन्टेसरींच्या पहिल्या रंगपेटीतही लाल, पिवळा, निळा अशा तीनच जोड्या असतात. खेळ दिवसाउजेडी, खिडकीजवळ करा. पिवळ्या दिव्याखाली पांढरा-पिवळा आणि निळा-काळा मोठ्यांनाही चकवतात.

आता शब्द. मराठीत इथे एक मेख आहे. रुमाल निळा, वाटी निळी, फूल निळं, कपडे निळे. एकाच रंगाची चार रूपं मुलाच्या कानावर पडतात आणि त्याला ते चार शब्द वाटू शकतात. लाल, गुलाबी, केशरी मात्र बदलत नाहीत: लाल रुमाल, लाल वाटी, लाल फूल. तुमची मुलगी सगळ्याला 'लाल' म्हणते त्यात याचाही वाटा असावा. तो शब्द कायम एकाच रूपात भेटतो. उपाय सोपा आहे. रंग शिकवताना काही आठवडे एकच नाम धरा. "हा रुमाल लाल आहे. हा रुमाल निळा आहे." रंगाचा शब्द शेवटी, जरा जोर देऊन. वस्तूचं नाव आधी आलं की नजर वस्तूवर जाते आणि मग रंगाकडे. 'निळा रुमाल' म्हटलं की रुमालावरच गाडी थांबते.

आणि घरात ठरवा. आजी 'तांबडा' म्हणते, तुम्ही 'लाल', फोनमधलं गाणं 'रेड'. तिन्ही शब्द चांगलेच आहेत, मूल तिन्ही शिकेल. खेळताना मात्र जो माणूस खेळवतोय त्याने आपला एकच शब्द धरावा.

नाव शिकवण्याच्या तीन पायऱ्या आहेत, फ्रेंच डॉक्टर सेगँ यांच्या आणि मॉन्टेसरींनी वापरलेल्या. पहिली: "हा लाल." दुसरी: "लाल कुठला? मला दे." तिसरी: "हा कुठला?" घरोघरी आपण थेट तिसरीवर उडी मारतो आणि पाहुण्यांसमोर तर हटकून. दुसऱ्या पायरीवर पंधरा दिवस राहिलात तरी हरकत नाही, खेळ तिथेच रंगतो: "लाल रुमाल आजीला नेऊन दे." दुसरी जमली नाही तर पहिलीवर परत या, तिसरी विचारू नका.

लहान-मोठ्याचं एकच सांगायचंय. दोनच मापं घ्या आणि मोठं हे लहानाच्या निदान दुप्पट असू द्या. तीन मापं दिली की मधलं एकदा मोठं असतं आणि एकदा लहान, त्याने घोळ होतो.

ती रांग लावते, गट करत नाही

दोन ते चार वर्षांच्या मुलांकडे वेगवेगळे ठोकळे दिले तर ती पुष्कळदा गट न करता आगगाडी, घर, रस्ता मांडतात. पियाजे आणि इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी हे बारकाईने नोंदवलं आहे. मुलाला वस्तूंचं एक चित्र दिसत असतं, आणि त्या वयाला ते साजेसंच आहे. मोडून 'असं नाही' म्हणू नका. "तुझी गाडी कुठे चालली?" विचारा, आणि गट करायचा खेळ टोपल्यांचाच ठेवा, टोपलीत चित्र मांडता येत नाही.

कधी मुलाचा नियम आपल्याला दिसत नाही. कांदे-बटाट्यांतून तिने तीन बटाटे आणि एक कांदा एकत्र ठेवला असेल, तर ते चार नग सगळ्यांत मोठे असतील. आधी विचारा, मग सुधारा.

आणि एक मोठा खड्डा: 'आता रंगाने झालं, आता याच रुमालांचे आकाराने गट कर.' मानसशास्त्रज्ञ झेलाझो आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा चित्रांच्या पत्त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. तीन वर्षांच्या मुलांना आधी एका नियमाने पत्ते लावायला दिले आणि मग नियम बदलला. नवा नियम विचारला तर मुलं बरोबर सांगायची, पण हात जुन्याच नियमाने चालायचे. चार-पाच वर्षांपर्यंत हे सुधारतं. म्हणजे तिसऱ्या वर्षी नियम बदलल्यावर मूल चुकतं तो हट्ट नसतो. एका बैठकीत एक नियम. दुसरा नियम दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या वस्तूंनी.

घराबाहेरचं थोडं

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं, त्यात पानं, शिंपले, खडे, बिया अशी आसपासची वस्तूच साधन होती. महाग साधन नाही म्हणून अडायचं नाही, ही त्यांची रीत आजही पुरेशी आहे. बागेत गेलात तर आंब्याची पाच पानं आणि पिंपळाची पाच पानं गोळा करा. एक लांबट, एक शेपटीवालं. तिथेच, ताजी असताना खेळा; दोन दिवसांनी वाळून चुरा होतो आणि चुरा तोंडात जातो. कण्हेर विषारी आहे, ती घेऊ नका. मारुतीला वाहतात ती रुईची पानंही नकोत, चीक डोळ्यात गेला तर इजा होते. समुद्राकाठी राहत असाल तर शिंपले ५ सेंमीपेक्षा मोठे, न फुटलेले, उकळत्या पाण्यातून काढलेले.

धान्य निवडायला आजीशेजारी बसायची हौस साडेतीन वर्षांनंतर पुरवा, तीही तोंडात घालायची सवय पूर्ण सुटली असेल तर. सुपात चवळी वीस आणि राजमा वीस. मोजून द्या, मोजून परत घ्या. एकोणीस आले तर विसावा सापडेपर्यंत उठायचं नाही. राजमा कच्चा चघळला तर उलट्या होतात, तेव्हा शेजारी मोठं माणूस सतत हवं, 'स्वयंपाकघरातून लक्ष आहे' असं चालत नाही.

डॉक्टरांना कधी विचारायचं

रंग न ओळखणं, रांगा लावणं, ओतणं यांतल्या एकट्या कशावरूनच काही ठरत नाही. पण मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, दोन वर्षं उलटून 'पाणी दे' यासारखे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गमावत असेल, तर खेळ जमतो की नाही याची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कान तपासायलाही सांगा.

माळ्यावरचा संच खाली काढायच्या आधी तीन गोष्टी बघा. तिला तीन वर्षं पूर्ण झाली आहेत. महिनाभरात तिने एकही वस्तू तोंडात घातलेली नाही. आणि नमुना न ठेवताही ती लाल-निळे रुमाल दोन डब्यांत लावते. तेव्हा चारांतले दोनच रंग काढा, प्रत्येकी सहा मणी, आणि रंगीत वाट्या पहिल्या आठवड्यात बाजूलाच ठेवा. डोक्यावर घालायला त्या आत्ताही देता येतील.